डॉक्टर पोतनिसांचा संशय

धारमध्ये शरच्चंद्र पोतनीस या माणसाला फसवणं अवघड, हे दूधवाल्यापासून औषधकंपन्यांच्या पोरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीत थंड पेयाची बाटली हातात आली की आधी तिच्यावरची तारीख वाचणारा हा माणूस. रिक्षावाल्याने रोजची गल्ली सोडून दुसरी धरली की यांचा हात लगेच दांडीवर. बायको विद्युल्लताबाई म्हणायच्या, आमच्या यांनी लग्नात सप्तपदीसुद्धा लक्ष ठेवून केली असेल, भटजी एखादं पाऊल गाळतोय की काय म्हणून. यावर कुणी हसलं की डॉक्टर त्याच्याकडेही बघत, हा नेमका कशाला हसला म्हणून.

मूळचे देवासचे. वाडवडील संस्थानात खजिन्यावर होते. संस्थान गेलं, खजिना गेला, पण दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसायची सवय काही घरातून गेली नाही. इंदूरला शिकून लहान मुलांचे डॉक्टर झाले, सासुरवाडीच्या आग्रहाने धारला दवाखाना टाकला, आणि मग तिथलेच झाले. दवाखान्यात ते मालवीत विचारपूस करत, हिंदीत रागवत आणि स्वतःशी पुटपुटायचं ते मराठीत. पुटपुटणं बहुतेक एकच असे, "काहीतरी लपवतायत."

आता संशयी स्वभाव घरात त्रासाचा, हे विद्युल्लताबाई शपथेवर सांगतील. पण लहान मुलांच्या डॉक्टरला तो कामाला येतो, हेही तितकंच खरं. मूल बोलत नाही, आई घाबरलेली, बाप घाईत. "थोडा खोकला आहे" एवढं सांगून पोर पुढ्यात ठेवतात. दुसरीकडे त्याला गोड औषधाची बाटली मिळाली असती आणि विषय संपला असता. पोतनीस तसे सोडत नसत. रात्री खोकून उठतो का, पळाल्यावर छातीला हात लावतो का, सर्दी झाली की प्रत्येक वेळी छातीतच का उतरते, घरात आणखी कुणाला आहे का, असं खोदून खोदून विचारत. मग छातीला नळी लावून ऐकत आणि स्पष्ट सांगत की हा दमा आहे. आया कानांवर हात ठेवत. डॉक्टर, ऍलर्जी म्हणा ना, दमा नका म्हणू, पुढे मुलीचं लग्न व्हायचंय. पोतनीस म्हणत, नाव बदलल्याने छाती बदलत नाही.

आणि समजावायला बसले की छान समजावत. दम्याच्या औषधाचे पंप दोन. एक रोजचा, तो आतली सूज उतरवतो, बरं वाटलं तरी सोडायचा नाही. दुसरा दम लागला तरच. हा दुसरा भराभर संपायला लागला तर समजा, पहिल्यात काहीतरी चुकतंय. दर खेपेला ते मुलाला श्वासाचा जोर मोजायच्या मीटरमध्ये फुंकायला लावत आणि काटा कुठे गेला ते बघत. वयात येणारी मुलं असली तर आईबापांना बाहेर बसवून त्यांच्याशी एकट्याने बोलत, कारण पोतनिसांचा पक्का सिद्धांत होता की आईबापांसमोर मुलं खोटं बोलतात आणि मुलांसमोर आईबाप. सगळेच थोडं थोडं खोटं बोलतात, आपण फक्त कोण किती बोलतंय ते शोधायचं. या सिद्धांतावर त्यांची उभी प्रॅक्टिस चालली होती, आणि बरी चालली होती.

अपेक्षा दळवी त्यांच्याकडे सहा वर्षांची असल्यापासून येत होती. दळवी म्हणजे मराठ्यांचं जुनं घराणं, एके काळी धारच्या दरबारात मान असलेलं. आता तिचे वडील वीरेंद्र पीथमपुरला मोटारींच्या कारखान्यात रंगाच्या विभागात सुपरवायजर होते, शिफ्टच्या बसने जा-ये करत. आई माधवी सकाळच्या शाळेत शिक्षिका. घरात शब्द चाले तो अक्कासाहेबांचा, म्हणजे वीरेंद्रच्या आईचा. अक्कासाहेब मोठ्या शिस्तीच्या. नातीचं औषध त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतलं होतं. देवघराशेजारच्या कपाटात पंप ठेवलेला, सकाळी आंघोळ झाली की एकदा आणि संध्याकाळी दिवा लावला की एकदा, त्या स्वतः काढून देत. अशी आजी प्रत्येक दमेकरी पोराला मिळावी, असं खुद्द पोतनीससुद्धा म्हणाले होते. संशयी माणसाकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

लहान होती तोवर अपेक्षा पंपाला प्लास्टिकची जाड नळी लावून आणि नाकातोंडावर मास्क दाबून औषध घ्यायची. तेरावं लागलं तशी तिला त्याची लाज वाटायला लागली. हे बाळांचं आहे डॉक्टरकाका, म्हणाली, मला नुसता पंप द्या. बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी टेबलावरचा दाखवायचा पंप उचलला, एकदा करून दाखवला, समजलं का विचारलं. अक्कासाहेब शेजारी बसून बघत होत्या. अपेक्षाने मान हलवली, आणि डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर काही महिन्यांत तिचं बिघडायला लागलं. जिना चढताना थांबायची. रात्री उशीला टेकून बसायची. अडीअडचणीचा दुसरा पंप भराभर संपू लागला. डॉक्टरांनी रोजचा डोस वाढवला, तरी मीटरचा काटा वर सरकेना. दिवाळीच्या सुट्टीत ती देवासला आजोळी गेली, आणि काय गंमत, तिथे पंधरवडाभर मामेभावंडांबरोबर टेकडी चढून-उतरून आली, एकदाही दम लागला नाही. धारला परत आली की आठवड्यात पुन्हा घरघर. उन्हाळ्यात पुन्हा तेच. देवासला छान, धारला बेजार.

पोतनिसांचे कान टवकारले. कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय घरावर. एका रविवारी ते सहज आल्यासारखं दाखवून दळवींकडे गेले. चहा पिता पिता नाकाने सगळं घर हुंगलं. जिन्याखालच्या भिंतीला ओल होती, देवघरात धुपाचा वास होता, गाद्या कापसाच्या होत्या. प्रत्येक गोष्ट त्यांनी बोलून दाखवली. अक्कासाहेबांनी दुसऱ्या दिवसापासून धूप बंद केला, आणि देवासमोर उगीच काही न करता बसायला कसं तरी होतं, असं शेजारणीला सांगितलं. वीरेंद्रने भिंत फोडून नवी करून घेतली. गाद्यांना खोळी शिवल्या, त्या गरम पाण्यात धुवायचं माधवीने सुरू केलं.

फरक पडला नाही. मग दुसरा संशय बापावर. डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, बिडी-सिगरेट काही? वीरेंद्रला राग आला, पण गिळला. नाही म्हणाला. डॉक्टरांनी त्याची बोटं हुंगली, अहो खरंच हुंगली, आणि मग म्हणाले की कारखान्यातल्या रंगाचे कपडे घरात येता कामा नयेत. तेव्हापासून बिचारा शिफ्टवरून आला की मागच्या न्हाणीघरात जाऊन आंघोळ करी, मगच घरात. भर पावसातसुद्धा.

तरी फरक नाही. तेव्हा तिसरा संशय आला, आणि तो जरा खासगी होता. देवासला दुसऱ्या कुठल्या डॉक्टरचं औषध तर चालत नाही? आपल्या गावच्या कुणीतरी आपला पेशंट पळवला की काय, या विचाराने पोतनिसांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी अपेक्षाच्या मामाला, विश्वासरावांना, फोन लावला. विश्वासराव हायस्कुलात मास्तर, सरळ माणूस. त्यांनाही लहानपणापासून दमा. ते म्हणाले, नाही हो, तुमचंच औषध आहे, तोच पंप. सकाळ-संध्याकाळ मी माझा घेतो तेव्हा ती तिचा घेते, आम्ही दोघं बरोबरच बसतो.

फोन ठेवला आणि पोतनिसांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, असं त्यांना वाटलं. औषध तेच, मुलगी तीच. मामाच्या नजरेखाली घेते तेव्हा छाती साफ. धारला घेत असती तर इथेही साफ राहिली असती. म्हणजे धारला घेत नाही. अक्कासाहेब म्हणतात माझ्यासमोर घेते, पण आजीच ती, नातीला पाठीशी घालणारच. पंपाच्या पाठीवर किती फवारे उरले त्याचा आकडा असतो, तोही बरोबर उतरतोय. म्हणजे पोरगी चलाख आहे, पंप हवेत उडवते. कशाला? तर धारला बेजार दिसलं की सुट्टी लागताच देवासला पाठवतात म्हणून. तिथे भावंडं, तिथे लाड, तिथे अक्कासाहेबांची शिस्त नाही. वयात आली आणि खोटं बोलायला शिकली. सगळं कसं चपखल बसत होतं. संशयाचं हेच वाईट असतं, एकदा बसायला लागला की सगळंच बसतं.

पुढच्या खेपेला वीरेंद्र तिला घेऊन आला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि अपेक्षाला विचारलं, देवास आवडतं का? ती खुलली. खूप आवडतं म्हणाली, तिथे मला पळता येतं. डॉक्टरांनी मनात खूण केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अपेक्षा, खरं सांग. पंप हवेत उडवतेस ना?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा एवढासा झाला. "नाही. मी घेते. तुम्ही दाखवलं तसाच घेते."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, वळवून विचारलं, प्रेमाने विचारलं. ती तेच वाक्य म्हणत राहिली. खोटं बोलणारी माणसं एकच वाक्य धरून बसतात, असा पोतनिसांचा अनुभव होता. मग त्यांनी एक अशी गोष्ट केली जी इतक्या वर्षांत कधी केली नव्हती. मुलांशी बंद दाराआड झालेलं बोलणं आईबापांपर्यंत जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा स्वतःचाच नियम. तो मोडून त्यांनी वीरेंद्रला आत बोलावलं आणि मुलीच्या देखत सांगून टाकलं.

वीरेंद्र ओरडला नाही. भिंत फोडून नवी केली होती, पावसात मागे आंघोळी केल्या होत्या, एका परक्या माणसाने त्याची बोटं हुंगली होती, आणि त्याला वाटलं, ते सगळं हिने वाया घालवलं. तो एवढंच म्हणाला, "देवास बंद." अपेक्षा दवाखान्याच्या जिन्यात त्याला म्हणत होती, बाबा, मी खरंच घेते, काकांनी दाखवलं तसाच घेते. डॉक्टरांना ते आतपर्यंत ऐकू आलं, आणि पोरगी भलतीच पक्की आहे, असं त्यांना वाटलं.

सोयाबीन काढणीचे दिवस आले. चहूकडे मळणीयंत्रं, हवेत भुसा, जिकडेतिकडे शिंका. मोठ्या माणसांची नाकं चोंदली होती तिथे दमेकरी पोरांचं काय. एका दुपारी दवाखान्यासमोर रिक्षा थांबली आणि माधवी आणि अक्कासाहेब अपेक्षाला दोन्हीकडून धरून आत घेऊन आल्या. मुलीला एक शब्द सबंध बोलता येत नव्हता. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठांचा रंग बघून पोतनिसांच्या पाचावर धारण बसली. त्यांनी छातीला नळी लावली, तर आवाजच येत नव्हता, आणि घरघरीपेक्षा ही शांतता किती वाईट असते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

ऑक्सिजन लावला, वाफेतून औषध सुरू केलं, इंजेक्शन दिलं, इंदूरला न्यायला गाडी बोलावून दारात उभी करून ठेवली. पुन्हा वाफ, पुन्हा नळी लावून ऐकणं. माधवी भिंतीला टेकून उभी होती, तिला कुणीतरी बसायला सांगितलं ते तिला ऐकू आलं नाही. अक्कासाहेब मुलीचे तळपाय चोळत होत्या. डॉक्टरांना आयुष्यात एवढी भीती वाटली नव्हती. बऱ्याच वेळाने छातीत शिट्टी वाजायला लागली, म्हणजे हवा ये-जा करू लागली, आणि त्या शिट्टीचा आवाज ऐकून पोतनिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हळूहळू ओठ गुलाबी झाले, बोटाला अडकवलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र बरे आकडे दाखवू लागलं. गाडी परत पाठवली.

आता एखादा माणूस इथे थांबला असता. पण भीती ओसरली तशी पोतनिसांच्या मनात पुन्हा तेच आलं. पोरीने औषध सोडलं आणि जिवावर बेतलं. आज पकडायचीच, म्हणजे पुढे तरी नीट घेईल. ऊन उतरल्यावर ती उठून बसली, दोन घोट चहा प्यायली, तेव्हा त्यांनी माधवीला आणि अक्कासाहेबांना बाहेर पाठवलं, तिचा रोजचा पंप तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "घे. माझ्यासमोर घे, मला बघू दे."

अपेक्षाने पंप हलवला. श्वास पूर्ण सोडला. मान मागे टाकली, तोंड उघडलं, पंप तोंडापासून चांगला वीतभर वर धरला आणि दाबला. फवारा थोडा जिभेवर पडला, थोडा नाकावर, बाकी खोलीत विरून गेला. मग तिने तोंड मिटलं आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजत श्वास रोखून बसली, अगदी मनापासून.

"हे काय?" डॉक्टर कडाडले. "माझ्या डोळ्यांदेखत?"

ती दचकली. "तुम्हीच असं दाखवलंत," म्हणाली. "तोंड लावायचं नाही."

पोतनिसांच्या अंगाचा तिळपापड झाला. मी? मी असं दाखवलं? त्यांनी तरातरा टेबलावरचा दाखवायचा पंप उचलला, हे बघ, असं दाखवतो मी, म्हणत तोंडाजवळ नेला, आणि हात आपोआप चार बोटांवर थांबला.

तिथेच थांबला. पुढे जाईना. दिवसभरात किती पोरांच्या हातातून गेलेला तो पंप, तो तोंडाला लावायचा म्हणजे शिसारी. पोतनिसांच्या घरी पेला कधी कुणी ओठांना लावला नाही, पाणी प्यायचं ते वरूनच. आजही दवाखान्यात तांब्यातलं पाणी ते मान वर करून घशात सोडत आणि एक थेंब शर्टावर सांडू देत नसत. पंप दाखवताना ते तसंच करत आले होते, उष्टं न करता, आणि आपण असं करतो हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. ओठ घट्ट मिटायचे असतात हे तोंडाने सांगायचं कधी राहून जाई, कधी सांगत, पण मुलं ऐकतात थोडंच, ती बघतात. आणि दळवींकडे तर अक्कासाहेबच. डॉक्टरांनी चार बोटं लांब धरला हे बघून त्यांनी घरी वीतभर करायला लावलं असणार, देवघराशेजारच्या कपाटात उष्टी वस्तू जायला नको म्हणून. देवासला विश्वासराव तोंडात धरून घेत, म्हणून ही त्यांच्यासारखं घेई आणि बरी राही. मामाची पद्धत वेगळी असेल, एवढंच तिला वाटलं. घरी आल्यावर डॉक्टरांची पद्धत.

सबंध जगाकडे डोळे वटारून बघणाऱ्या माणसाने एकदाही म्हटलं नव्हतं की पोरी, करून दाखव. तो विचारत राहिला, घेतेस का, घेतेस का. कशी घेतेस, हे विचारलंच नाही. संशय सगळ्यांवर घेतला, स्वतःचा हात सोडून. पोतनिसांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि नेमका त्याच वेळी बाहेर वीरेंद्रचा आवाज आला. कारखान्यातून निरोप मिळाला तसा तो गणवेशातच धावत आला होता. दार उघडून आत आला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाला, घेत नव्हती ना औषध?

आता बोलायचं होतं. पोतनिसांनी तोंड उघडलंही. पण बापाचा तो लाल चेहरा समोर, बाहेर चार पेशंट कान देऊन बसलेले, आणि गावात इतक्या वर्षांचं नाव. त्यांच्या तोंडून निघालं ते असं, "आपण जरा पद्धत बदलू या, वीरेंद्रराव. आता नवीन पद्धत आली आहे. पुन्हा ती नळी लावायची, मास्क नको, तोंडात धरायची, ओठ घट्ट मिटायचे." वीरेंद्र बरं म्हणाला. अपेक्षा डॉक्टरांकडे बघत राहिली. तिची नजर रागाची नव्हती, ती नुसती वाट बघत होती, आणि डॉक्टर औषधाचं नाव लिहायच्या निमित्ताने खाली बघत राहिले.

जेवताना त्यांनी विद्युल्लताबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग बापाला सांगितलंत का? डॉक्टर म्हणाले, औषध तर आता नीट पोटात, म्हणजे छातीत जातंय ना, मग सांगितलं काय नि न सांगितलं काय.  विद्युल्लताबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली, विचारल्याशिवाय.

डॉक्टर गप्प बसले नाहीत, हेही सांगायला हवं. एकेका दमेकरी पोराला त्यांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, काही सांगू नकोस, करून दाखव. आणि मग काय काय दिसलं. एक पोर धामनोदहून आलेलं, ते पंप न हलवताच घेई. एक मुलगी दाबून झाल्यावर श्वास घेई. आणि अधूनमधून कुणीतरी मान मागे टाकून, तोंड उघडून, चार बोटं लांब, हुबेहूब पोतनीस.  त्यांनी सगळ्यांना नळ्या दिल्या, स्वतःसाठी वेगळा पंप ठेवला आणि तो तोंडात धरून, ओठ मिटून दाखवायला लागले. पहिले काही दिवस मळमळलं. आणि दर खेपेला, बरं असो वा नसो, आधी करून दाखव, मग बाकीचं, असा दवाखान्याचा नवा नियम झाला.

महिन्याभराने अपेक्षा आली. बरोबर वीरेंद्र होता आणि अक्कासाहेबही. पोरगी जिना धावत चढून वर आली, तो आवाज डॉक्टरांनी आतून ऐकला होता. मीटरमध्ये फुंकलं तर काटा वर्षभरात गेला नव्हता तिथे गेला. छाती स्वच्छ. अडीअडचणीचा पंप जवळजवळ भरलेलाच. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी मीटर पुन्हा एकदा फुंकायला लावलं, नुसतं बघायला.

वीरेंद्रही खुश होता. हसत म्हणाला, "मानलं तुम्हाला डॉक्टरसाहेब. तुम्ही म्हणालात तेच निघालं. देवास बंद केलं, जवळ बसून औषध द्यायला लागलो, आणि बघा, एकदम फिट. नाटक होतं सगळं." आणि मुलीच्या पाठीवर त्याने प्रेमाने थाप मारली, की झालं गेलं, आता माफ केलं.

अपेक्षाने बापाकडे बघितलं नाही, डॉक्टरांकडेही बघितलं नाही. ती मीटर नीट डबीत ठेवत होती. पोतनिसांना कळलं की ही जितकी बरी होत जाईल तितकी खोटी ठरत जाणार आहे. घरातल्या घरात, कायमची. आणि ते आपल्यामुळे.

"वीरेंद्रराव, ती खोटं बोलत नव्हती," ते म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं होतं. पंप तोंडात धरायचा असतो, मी लांबून दाखवला. तिने मी दाखवलं तसंच केलं. नवीन पद्धत वगैरे काही आलेली नाही, ते मी खोटं बोललो."

वीरेंद्रने ऐकून घेतलं आणि मान हलवून हसला. म्हणाला, मोठं मन आहे तुमचं डॉक्टरसाहेब, पोरीचं वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेताय. पण हिला मी ओळखतो आता.

 आयुष्यभर पोतनिसांनी लोकांच्या खऱ्यावर संशय घेतला होता, आता त्यांच्या खऱ्यावर कुणी विश्वास ठेवेना. त्यांनी टेबलावरचा पंप उचलला, चार बोटं लांब धरून दाखवला, असा दाखवला होता म्हणाले.  वीरेंद्र अजून हसतच होता, समजूतदार माणसासारखा.

तेव्हा अक्कासाहेब बोलल्या. त्या इतका वेळ पदर हाताला गुंडाळत बसल्या होत्या. "वीरेंद्र, खरं आहे ते. मी तिथेच होते. त्यांनी असाच धरला होता. मला बरं वाटलं, उष्टं करत नाहीत म्हणून. मग घरी मीच तिला म्हणायचे, अजून लांब धर."

वीरेंद्रचं हसू होतं तसंच चेहऱ्यावर थोडा वेळ राहिलं आणि मग गेलं. त्याने आईकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. मग मुलीकडे वळला.  "मग तू सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं," अपेक्षा म्हणाली. "तुम्हाला पण, काकांना पण."